पातळ पत्र्याच्या पर्लिन वाकतात कशा: निवड, तपासणी आणि उभारणीचा योग्य क्रम

शेडच्या छपराखाली पत्रा पेलणाऱ्या आडव्या तुळया, म्हणजे सी आणि झेड आकाराच्या पर्लिन, दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्टीला थंड अवस्थेतच घड्या घालून बनवलेल्या असतात. त्यांचा हिशेब मात्र बहुतेक ठिकाणी गरम लाटलेल्या जाड चॅनेलसारखा मांडला जातो. गाळा (दोन टेकूंमधील अंतर) मोजला जातो, तक्त्यातून उंची निवडली जाते, वरून येणाऱ्या भाराचा बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) सेक्शन मॉड्युलसने (सेक्शनच्या, म्हणजे छेदाच्या आकाराच्या, वाकण्याविरुद्धच्या मापाने) भागला जातो आणि उत्तर मर्यादेत बसले की काम संपले असे समजले जाते. या पद्धतीत आकडेमोड सहसा बरोबर असते. क्रम चुकलेला असतो. पातळ सेक्शन यील्ड होण्याच्या (पोलाद कायमचे ताणले जाण्याच्या) बराच आधी आपला आकार सोडतो, आणि आकार सुटला की तक्त्यातला मॉड्युलस त्या नगाला लागू राहत नाही. म्हणून आधी आकार टिकतो का ते पाहावे, मग पर्लिन आडवी हलणार नाही याची सोय करावी, आणि त्यानंतरच स्ट्रेस व झोळ तपासावा.

पुढील सर्व टप्प्यांत एकच उदाहरण घेतले आहे: पुणे परिसरातील १० अंश उताराची शेड, ५ मीटर गाळा, पर्लिनमधील अंतर १.४ मीटर, आणि लिप असलेली २०० × ६० × २० × २ मिमीची सी पर्लिन (उभा वेब २००, वरचा-खालचा फ्लँज ६०, फ्लँजच्या कडेला आत वळवलेली लिप २० आणि जाडी २ मिमी), यील्ड स्ट्रेस ३४५ मेगापास्कल. आकडे पूर्णांकाकडे झुकवलेले आहेत. ते पद्धत समजण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष कामाचे अंतिम डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच तपासून घ्यावे.

आधी ओळखावे: वाकताना नेमके काय बिघडते

पातळ पर्लिन प्रामुख्याने तीन प्रकारच्या बकलिंगने (दाबाखाली एकाएकी फुगण्याने किंवा बाजूला वळण्याने) बिघडते, आणि लाटेच्या लांबीवरून ते प्रकार वेगळे ओळखता येतात.

पहिला प्रकार स्थानिक बकलिंगचा. दाबाखाली असलेला फ्लँज, किंवा वेबचा दाबाकडचा भाग, लहान लाटांनी आत-बाहेर फुगतो, पण घडीचे कोपरे सरळ रेषेतच राहतात. एका फुगवट्याची लांबी साधारण त्या पट्टीच्या रुंदीएवढी, म्हणजे आपल्या उदाहरणात ५०-६० मिमी असते. नव्या जस्तलेपित पर्लिनवर बॅटरीचा झोत तिरपा टाकला, तर सपाट फ्लँजवर प्रकाशाची सरळ पट्टी दिसते. फुगवटे आले असतील तर तीच पट्टी नागमोडी होते.

दुसरा प्रकार डिस्टॉर्शनल बकलिंगचा. यात दाबाखालचा फ्लँज आपल्या लिपसह, बिजागरीवर फिरावा तसा, वेबला जोडणाऱ्या कोपऱ्याभोवती फिरतो. लिपची कड सरळ राहत नाही. या मापाच्या सेक्शनमध्ये लाट साधारण ३०० ते ६०० मिमी लांबीची असते. हा प्रकार सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो, कारण पाहणारा त्याला उतरवताना लागलेला मार समजतो.

तिसरा प्रकार लॅटरल-टॉर्शनल बकलिंगचा. सेक्शनचा आकार जसाच्या तसा राहतो, पण संपूर्ण पर्लिन बाजूला सरकते आणि पीळ खाते. लाटेची लांबी दोन आडव्या आधारांमधील अंतराएवढी असते.

यांशिवाय दोन गोष्टी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात: भार मध्याबाहेरून येत असल्यामुळे पहिल्या किलोपासूनच सुरू होणारा पीळ, आणि टेकूवर वेबचे चिरडणे.

टप्पा १: माप, जाडी आणि दर्जा यांची खातरजमा

हिशेबाला बसण्यापूर्वी हातात येणारा माल मोजावा. जाडी मायक्रोमीटरने, सपाट भागावर, निदान तीन ठिकाणी घ्यावी. कोपऱ्यावर घेऊ नये, कारण घडी घालताना तेथील जाडी बदलते.

मोजलेल्या जाडीत जस्ताचा थर धरलेला असतो. दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असेल, तर त्याची एकूण जाडी सुमारे ०.०४ मिमी भरते. हिशेबात ही वजा करून फक्त पोलादाची जाडी घ्यावी.

या मापांत जाडीला इतके महत्त्व देण्याचे कारण साधे आहे. जाडी निम्मी केली तर क्षेत्रफळ आणि वाकण्याविरुद्धचा इनर्शिया साधारण निम्मा होतो, पण पिळाविरुद्धचा स्थिरांक जाडीच्या घनावर अवलंबून असल्याने तो आठव्या हिश्श्यावर येतो. पुरवठादाराने २ ऐवजी १.८ मिमी दिले तर वाकण्याची ताकद दहा टक्क्यांनी कमी होते, पण पिळाचा विरोध सत्तावीस टक्क्यांनी घसरतो.

तपासणी: ६ मीटरचा एक नग काट्यावर ठेवावा. उदाहरणातील पर्लिनचे वजन जस्तासह मीटरला सुमारे ५.५ किलो, म्हणजे नगाला सुमारे ३३ किलो भरले पाहिजे. ३० किलोच्या खाली वजन आल्यास तो माल २ मिमीचा नाही.

यील्ड स्ट्रेस बिलावरील शब्दांवरून न धरता त्या कॉइलच्या टेस्ट सर्टिफिकेटवरून घ्यावा. २५० मेगापास्कलचा साधा पत्रा आणि ३४५-३५० मेगापास्कलचा उच्च दर्जाचा पत्रा डोळ्यांना सारखेच दिसतात.

टप्पा २: आकार टिकतो का, ते पट्टीपट्टीने तपासणे

सेक्शनला एक अखंड तुकडा न समजता सपाट पट्ट्यांचा समूह समजावे: दाबाकडचा फ्लँज, लिप आणि वेब. प्रत्येक पट्टीची सपाट रुंदी कोपऱ्यांच्या गोलाया वगळून मोजावी. आतील त्रिज्या ३ मिमी असल्यास आपल्या फ्लँजची सपाट रुंदी ६० वजा १०, म्हणजे ५० मिमी येते आणि रुंदी-जाडी गुणोत्तर २५.

यानंतरचा हिशेब असा करावा.

१. पट्टीचा बकलिंग स्ट्रेस काढावा. दोन्ही कडांना आधार असलेल्या पट्टीसाठी तो ७,२३,००० भागिले गुणोत्तराचा वर्ग, आणि एकच कड आधारलेल्या पट्टीसाठी ७७,७०० भागिले गुणोत्तराचा वर्ग, इतके मेगापास्कल असतो.

२. यील्ड स्ट्रेसला या बकलिंग स्ट्रेसने भागून वर्गमूळ घ्यावे. हा सडपातळपणाचा अंक.

३. अंक ०.६७३ किंवा कमी असल्यास संपूर्ण पट्टी कामाची. जास्त असल्यास उपयोगी हिस्सा म्हणजे (१ − ०.२२ ÷ अंक) ÷ अंक.

उदाहरणात बकलिंग स्ट्रेस ७,२३,००० ÷ ६२५ = सुमारे ११५७ मेगापास्कल आणि अंक ०.५५ येतो, फ्लँज पूर्ण उपयोगी आहे. हीच पर्लिन १.२ मिमीच्या पत्र्यात घेतली तर गुणोत्तर ४३, अंक ०.९४ आणि उपयोगी हिस्सा फक्त ८२ टक्के राहतो. २ मिमी जाडीच, पण लिप नसलेला साधा सी घेतला, तर फ्लँजची एक कड मोकळी राहते, अंक १.८३ वर जातो आणि उपयोगी हिस्सा ४८ टक्क्यांवर येतो. वीस मिलिमीटरची लिप वाचवून जवळजवळ अर्धा फ्लँज गमावला जातो, हे ध्यानात ठेवावे.

लिप नुसती असून भागत नाही. ती फ्लँजची कड धरून ठेवण्याइतकी ताठ हवी. थंड घडीच्या पोलादाची भारतीय संहिता आयएस ८०१:१९७५ मधील किमान लिपच्या सूत्राने आपल्या सेक्शनला सुमारे १६ मिमी लिप लागते. २० मिमी पुरेशी आहे. युरोपीय संहिता ईएन १९९३-१-३ लिप-फ्लँज रुंदीचे गुणोत्तर ०.२ ते ०.६ यांच्या दरम्यान ठेवायला सांगते. फार लांब लिपही उपयोगाची नसते, कारण मग तिलाच स्थानिक बकलिंग होऊ लागते.

वेबची सपाट उंची जाडीच्या १५० पटींच्या आत ठेवावी. उदाहरणात ती ९५ पट आहे.

सावधान: आयएस ८०१ मधील सूत्रे किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर या एककात आहेत. त्यांत ३४५ हा मेगापास्कलचा आकडा थेट घातला तर उत्तर भलतेच येते, आणि ते अनेकदा इतके संभाव्य दिसते की चूक लक्षात येत नाही. ३४५ मेगापास्कल म्हणजे त्या एककात सुमारे ३५१८.

टप्पा ३: भार दोन्ही दिशांनी मांडणे

येथे सर्वांत महागडी चूक होते. छपरावर वरून येणारा भार तेवढा धरला जातो आणि वाऱ्याची उचल "पत्रा हलका आहे, स्क्रू घट्ट आहेत" या भरवशावर सोडली जाते.

खाली येणारा भार: पत्रा, स्क्रू व इतर जोडणी आणि पर्लिनचे स्वतःचे वजन मिळून मीटरला सुमारे ०.२ किलोन्यूटन. भारांची भारतीय संहिता आयएस ८७५ भाग २ नुसार, ये-जा नसलेल्या १० अंशांपर्यंतच्या छपराला चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन चल भार; १.४ मीटर अंतराला तो सुमारे १.०५ होतो. एकूण १.२५ किलोन्यूटन प्रति मीटर. त्याचे दोन भाग करावे: पर्लिनच्या वेबच्या दिशेने १.२३ आणि उताराच्या दिशेने ०.२२.

वर खेचणारा भार: आयएस ८७५ भाग ३ (२०१५) प्रमाणे पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर आहे, मुंबई व नागपूरचा ४४. सपाट मोकळ्या भागातील १० मीटर उंचीच्या साध्या शेडला इतर गुणक १ धरल्यास दाब ०.६ × ३९² म्हणजे ०.९१ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, आणि दिशेचा ०.९ गुणक लावल्यावर ०.८२ येतो. १० अंश उताराच्या, रुंदीच्या निम्म्याहून कमी उंच शेडच्या वाऱ्याकडील उतारावर बाहेरची ओढ १.२ आणि बंद शेडमध्ये आतील दाब ०.२, असे १.४ पट. त्यावरून मीटरला १.६ किलोन्यूटन उचल, आणि स्वतःचे वजन वजा जाता १.४.

म्हणजे या शेडमध्ये वर खेचणारा भार खाली दाबणाऱ्या भारापेक्षा मोठा आहे. तोही केवळ बंद शेडसाठी. मोठे शटर उघडे राहणार असेल आणि भिंतीतील मोकळी जागा २० टक्क्यांहून जास्त होत असेल, तर आतील दाब ०.२ ऐवजी ०.७ धरावा लागतो आणि उचल सुमारे २ किलोन्यूटनवर जाते. गुरांचे गोठे, कांदा चाळी, ट्रकच्या गॅरेज अशा उघड्या बाजूंच्या शेडना हे विशेष लागू आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत पत्र्याची छपरे मोठ्या प्रमाणावर उडाली. किनाऱ्याजवळील शेडच्या हिशेबात उचलीचा आकडा सर्वांत आधी लिहावा. छपराच्या कडा, कोपरे आणि कण्याजवळ (माथ्याच्या रेषेजवळ) ओढ आणखी जास्त असते. तेथील पर्लिन स्वतंत्रपणे तपासाव्यात.

तपासणी: छपरावर पुढे सोलर पॅनेल बसवण्याचा विचार आहे का, पंखे, केबल ट्रे किंवा पाइप पर्लिनला टांगले जाणार आहेत का, हे मालकाला लेखी विचारून घ्यावे. टांगलेले सामान वेबला भोक पाडून बोल्टने धरावे. क्लँप लिपला अडकवला तर एका माणसाच्या वजनाचाही भार लिप उघडतो आणि डिस्टॉर्शनल बकलिंगला तयार सुरुवात मिळते.

टप्पा ४: तोंडाची दिशा ठरवणे

सी सेक्शनचे शिअर सेंटर (ज्या बिंदूतून भार गेल्यास पीळ पडत नाही तो बिंदू) त्याच्या पोटात नसते. ते वेबच्या मागे, बाहेर असते. आपल्या सेक्शनमध्ये ते वेबपासून सुमारे २५ मिमी मागे आहे. पत्र्याचा स्क्रू फ्लँजच्या मध्यावर मारला, तर भार शिअर सेंटरपासून सुमारे ५५ मिमी दूर पडतो आणि तेवढ्या अंतराने पर्लिन सतत पिळली जाते.

उतारावर या पिळाला उत्तर देण्याची संधी मिळते. पर्लिनचे उघडे तोंड, आणि झेड असल्यास वरच्या फ्लँजची कड, कण्याकडे म्हणजे चढाकडे ठेवावी. असे केल्यास वेबच्या दिशेचा भार पर्लिनचा माथा चढाकडे वळवू पाहतो, तर उताराच्या दिशेचा भार तोच माथा खाली ओढतो; दोन्ही पीळ एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढतात. तोंड उताराकडे ठेवल्यास हेच दोन पीळ एकमेकांत मिळतात. कामगारांना तोंड खाली ठेवून बोल्ट कसणे सोपे जाते, म्हणून ही चूक वारंवार होते. ड्रॉइंगवर बाण काढून दिशा दाखवावी आणि पहिली ओळ बसल्याबरोबर प्रत्यक्ष पाहावी.

पत्र्याचे स्क्रू फ्लँजच्या मध्यापेक्षा वेबच्या जवळ येतील अशी आखणी केल्यास पीळ कमी होतो. दोरी लावून रेघ मारल्याशिवाय स्क्रू मारू देऊ नयेत.

टप्पा ५: आडवा आधार देणे

संपूर्ण प्रक्रियेत या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. येथे आधाराची दोन वेगवेगळी कामे आहेत आणि एकाच रॉडकडून दोन्ही होतील असे गृहीत धरणे चुकीचे आहे.

पहिले काम उताराच्या दिशेचा भार घेण्याचे. आपल्या सेक्शनचा उभ्या दिशेचा इनर्शिया सुमारे ४१० सेंमी⁴ आहे, तर आडव्या दिशेचा सुमारे ३३. म्हणजे आडवी ती बारा पट कमकुवत आहे. उताराचा ०.२२ किलोन्यूटन प्रति मीटर भार क्षुल्लक वाटतो, पण मध्ये सॅग रॉड (पर्लिनना उताराच्या दिशेने एकमेकींशी बांधणारी सळई) नसेल तर त्याने ५ मीटर गाळ्यात सुमारे ९० मेगापास्कल स्ट्रेस येतो. हा स्ट्रेस मुख्य भाराच्या स्ट्रेसच्या जवळपास तेवढाच आहे. मध्यावर एक सॅग रॉड दिला की तो सुमारे २२ वर उतरतो.

सॅग रॉड फक्त ताण घेतो. प्रत्येक पर्लिनचा भार वरच्या रॉडमध्ये मिळत जातो आणि कण्यापाशी सर्वांत जास्त होतो. म्हणून दोन्ही उतारांच्या कण्याजवळच्या पर्लिन एकमेकींना बांधाव्यात. एकाच बाजूचा उतार असलेल्या शेडमध्ये वरच्या टोकाला हा ताण रॅफ्टरमध्ये (पर्लिन ज्यावर टेकतात त्या मुख्य तिरप्या तुळईत) उतरवणारी तिरपी बांधणी द्यावी. ती नसेल तर सर्व रॉड मिळून वरची शेवटची पर्लिन खाली ओढतात.

दुसरे काम वाऱ्याच्या उचलीत खालचा फ्लँज धरण्याचे. भार खाली येत असताना वरचा फ्लँज दाबात असतो आणि त्याला पत्रा धरून ठेवतो. उचलीत चित्र उलटे होते: खालचा फ्लँज दाबात जातो आणि त्याला धरणारे काहीच नसते. आपल्या पर्लिनला १.४ किलोन्यूटन प्रति मीटर उचलीने येणारा मोमेंट ४.४ किलोन्यूटन-मीटर आहे. पत्र्याचा आधार न धरता, ५ मीटर मोकळ्या लांबीत लॅटरल-टॉर्शनल बकलिंगचा क्रांतिक मोमेंट मात्र फक्त ३ च्या आसपास येतो. पर्लिन यील्ड होण्याच्या एक चतुर्थांश पातळीच्याही खाली ती बाजूला पडू शकते. मध्यावर दोन्ही फ्लँज धरणारा एक आधार दिला, तर हाच मोमेंट सुमारे १० वर जातो आणि सुरक्षा गुणक लावूनही काम भागते. शटर उघडे धरून येणाऱ्या ६ किलोन्यूटन-मीटरच्या मोमेंटला एक आधार कमी पडतो. तेथे गाळ्याचे तीन सारखे भाग होतील अशा दोन ओळी द्याव्यात.

स्क्रूने थेट मारलेला पत्रा खालच्या फ्लँजलाही काही प्रमाणात पिळापासून रोखतो, हे खरे आहे. पण अमेरिकी संहिता एआयएसआय एस१०० एका गाळ्याच्या पर्लिनला त्याबद्दल उंचीनुसार वाकण्याच्या पूर्ण ताकदीच्या ०.७० पासून ०.४० पटीपर्यंतच श्रेय देते, तेही पत्रा, स्क्रू आणि सेक्शनच्या ठरावीक अटी पाळल्या तर. क्लिपवर सरकणाऱ्या स्टँडिंग सीम (पत्र्यांच्या कडा उभ्या घडीने जोडलेल्या) छपराला हे श्रेय गृहीत धरू नये.

आधार कसा असावा, याचा क्रम असा:

१. वेबच्या वरच्या तिसऱ्या भागात सॅग रॉड, उताराच्या भारासाठी.

२. त्याच रेषेत, दोन पर्लिनमध्ये अँगल किंवा चॅनेलचा ताठ तुकडा, वेबला वर आणि खाली असे दोन बोल्ट मारून. यालाच ब्रिजिंग म्हणतात. एकच बोल्ट असेल तर तुकडा त्याभोवती फिरतो आणि पीळ रोखला जात नाही.

३. ब्रिजिंगची ओळ कुठेतरी पक्क्या ठिकाणी, म्हणजे कण्यावर एकमेकींशी किंवा तिरप्या बांधणीने रॅफ्टरशी, संपवणे. अधांतरी संपलेली ओळ सर्व पर्लिनना एकाच दिशेने, एकत्र पडू देते.

तपासणी: ब्रिजिंग बसल्यावर दोन आधारांच्या मध्ये खालचा फ्लँज हाताने बाजूला ढकलून पाहावा आणि नंतर आधाराजवळ ढकलावा. दोन्ही ठिकाणी हालचाल सारखीच जाणवली, तर ब्रिजिंग नावापुरते आहे.

टप्पा ६: स्ट्रेस आणि झोळ

आता नेहमीचा हिशेब, जो वरील टप्प्यांनंतर लवकर आटोपतो. खाली येणाऱ्या भाराचा मोमेंट १.२३ × ५² ÷ ८ = ३.८ किलोन्यूटन-मीटर. पूर्ण उपयोगी सेक्शनचा मॉड्युलस सुमारे ४१ सेंमी³ धरून स्ट्रेस ९४ मेगापास्कल. आडव्या दिशेचे २२ मिळवून ११६. आयएस ८०१ ची मूळ मर्यादा यील्डच्या ०.६ पट, म्हणजे २०७. उचलीत स्ट्रेस १०७ येतो. दोन्ही आकडे मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास आहेत. टप्पा ५ वगळून कोणी थेट येथे आला असता, तर त्याने आधार नसलेली तीच पर्लिन निर्धास्तपणे मंजूर केली असती.

झोळ: एका गाळ्याच्या पर्लिनला सुमारे १२ मिमी. आयएस ८००:२००७ मध्ये लवचीक पत्र्याच्या पर्लिनला गाळ्याच्या १/१५० आणि ठिसूळ पत्र्याला १/१८० ही मर्यादा आहे. ५ मीटरला अनुक्रमे ३३ आणि २८ मिमी. कोठे उपयोगी हिस्सा शंभर टक्क्यांहून कमी आला असेल, तर झोळही घटलेल्या इनर्शियाने काढावा. अगदी कमी उताराच्या छपरावर झोळात पाणी साचून भार वाढतो का, हेही पाहावे.

टप्पा ७: टेकू, क्लीट आणि लॅप

पर्लिन रॅफ्टरवर थेट टेकवून फ्लँजमधून बोल्ट मारल्यास टेकूची संपूर्ण प्रतिक्रिया पातळ वेबच्या खालच्या घडीवर येते. घडी गोल असल्याने भार वेबच्या मध्यातून न जाता किंचित बाजूने जातो आणि वेब चिरडू लागतो. त्याऐवजी रॅफ्टरला वेल्ड केलेल्या क्लीटला (उभ्या जोडपट्टीला) वेब दोन बोल्टने जोडावा आणि पर्लिनच्या तळाखाली काही मिलिमीटर फट ठेवावी. मग भार बोल्टमधून क्लीटमध्ये जातो आणि त्याच क्लीटमुळे टोकाशी पीळही अडतो.

झेड पर्लिन एकमेकींवर चढवून अखंड केल्या जातात. लॅपची (एकमेकींवर चढवलेल्या भागाची) लांबी आणि बोल्टची जागा उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणेच ठेवावी. मनाने लॅप आखूड केला तर अखंडपणाचा हिशेब मोडतो. टेकूवर धातू दुप्पट असल्याने धोक्याची जागा टेकूवर न राहता लॅप जेथे संपतो तेथे सरकते. त्या ठिकाणी मोमेंट आणि शिअर एकत्र तपासावेत. भोके बोल्टपेक्षा फार मोठी असतील तर लॅप आधी घसरतो आणि झोळ हिशेबापेक्षा जास्त दिसतो.

सावधान: जागेवर जुळत नाही म्हणून फ्लँज किंवा लिप कापू नये, गॅसने भोक मोठे करू नये. फ्लँजला दिलेली एक खाच सेक्शनचा दाबाचा मार्ग तेथेच तोडते. पर्लिनवर जागेवर वेल्डिंगही टाळावे: पत्रा वितळून पातळ होतो, जस्त जळते आणि त्याचा धूर श्वासात गेल्यास ताप येतो.

टप्पा ८: उभारणीचा क्रम

पत्रा बसेपर्यंत पर्लिन सर्वांत असुरक्षित असते, कारण वरच्या फ्लँजलाही आधार नसतो. म्हणून क्रम असा ठेवावा: क्लीट, पर्लिन आणि दोन्ही टोकांचे सर्व बोल्ट, मग सॅग रॉड आणि ब्रिजिंग, दोरी लावून ओळ सरळ करणे, आणि त्यानंतरच पत्र्याचे गठ्ठे वर चढवणे. ब्रिजिंग "नंतर सावकाश" बसवायचे ठेवले, तर वाकड्या झालेल्या पर्लिन त्याच अवस्थेत पत्र्याने पक्क्या होतात.

पत्र्याचा संपूर्ण गठ्ठा गाळ्याच्या मध्यावर ठेवू नये. तो रॅफ्टरच्या वर, दोन-तीन पर्लिनवर विभागून ठेवावा. सॅग रॉडचे नट कसताना पर्लिन ओढून सरळ केली जात आहे की वाकडी, हे पाहणारा एक माणूस खाली उभा ठेवावा. जास्त कसलेला रॉडच वेबला पीळ देतो.

टप्पा ९: आधीच वाकलेली पर्लिन ओळखणे आणि सावरणे

जुन्या शेडमध्ये पाहणी करताना तीन साधने पुरतात: नायलॉनची दोरी, ३०० मिमीची धातूची पट्टी आणि बॅटरी. आधी टेकूपासून टेकूपर्यंत दोरी ताणून झोळ आणि आडवे सरकणे वेगवेगळे मोजावे. आडवे सरकणे दोन आधारांच्या मध्यावर सर्वांत जास्त आणि फ्लँज सपाट असेल, तर प्रश्न आधाराचा आहे. मग पट्टी दाबाकडच्या फ्लँजवर आणि नंतर लिपच्या कडेवर टेकवावी. फ्लँजवर बोटभर अंतराने फट दिसली तर स्थानिक बकलिंग, आणि लिपची कड वीतभर किंवा जास्त लांबीत आत-बाहेर गेली असेल तर डिस्टॉर्शनल. टेकूजवळ वेबला तिरपी घडी दिसली तर चिरडणे. खालच्या फ्लँजवर खुणा असतील, तर नुकसान बहुधा वाऱ्याच्या उचलीने झालेले असते, आणि मालक सांगतो त्या टांगलेल्या पंख्यामुळे झालेले नसते.

कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी भार उतरवावा: टांगलेले सामान काढावे, छपरावर चढणे थांबवावे आणि पर्लिनला खालून टेकू द्यावा. झोळ हिशेबाच्या जवळपास असून फक्त आडवी हालचाल असेल, तर पर्लिन दोरीने सरळ करून ब्रिजिंगची ओळ वाढवणे पुरते. फ्लँजला किंवा लिपला कायमची घडी पडली असेल, तर ती हातोड्याने ठोकून सपाट करू नये; सपाट दिसणारी ती पट्टी पुढच्या भाराला त्याच जागी आणि कमी भारात पुन्हा वळते. अशा वेळी त्याच मापाची नवी पर्लिन पाठीला पाठ लावून, वेबमधून ठरावीक अंतराने बोल्ट मारून जोडावी, आणि नवी पर्लिन दोन्ही टोकांना क्लीटपर्यंत पोहोचेल एवढ्या पूर्ण लांबीची घ्यावी. फक्त खराब भागापुरता तुकडा जोडल्यास त्या तुकड्याच्या टोकांशी नव्या घड्या पडतात.